मृगात मृग दिसत नाही

माझ्या पुतणीची मुलगी परदेशात शिकते. मागच्या महिन्यात तिची मेल आली: "आजी, कॉन्स्टेलेशनला मराठीत नक्षत्रच म्हणायचं ना?" मी उत्तर पाठवलं, "नाही." पण नुसतं 'नाही' लिहून भागेना. इतकी वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं, त्यामुळे एखादा शब्द विचारला की त्याचं अख्खं घराणं सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. तिला पुढचं पत्र लिहायला बसले आणि ते लांबत लांबत गेलं. तेच थोडं नीट करून इथे देत आहे. घरची मंडळी वाचतीलच, पण इतर वाचकांनाही यात काही सापडेल असं वाटतं.

'नक्षत्र' आपण रोज किती अर्थांनी वापरतो ते आधी पाहू. "मुलगी अगदी नक्षत्रासारखी आहे" असं म्हणतो तेव्हा ती देखणी असते. "बाळाचं नक्षत्र कोणतं?" असं विचारतो तेव्हा जन्माच्या वेळी चंद्र कुठे होता हे हवं असतं. "नक्षत्र लागलं, पण पाऊस नाही" असं शेतकरी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात जवळजवळ एक पंधरवडा असतो. आणि कवी नक्षत्रं म्हणतो तेव्हा रात्रीचं चांदण्यांनी भरलेलं आकाश असतं. म्हणजे रूप, जन्मवेळ, पंधरवडा आणि चांदण्या! एका शब्दात इतकं सगळं कसं जमा झालं?

सुरुवात ऋग्वेदापासून करायला हवी. तिथे नक्षत्र म्हणजे आकाशात चमकणारी ज्योती, इतकाच ढोबळ अर्थ दिसतो. काही ठिकाणी तर सूर्यालाही नक्षत्र म्हटलं आहे. शब्द कसा झाला याबद्दल जुन्या लोकांतही एकमत नव्हतं. यास्काने निरुक्तात तो 'नक्ष्' या गतिवाचक धातूपासून काढला. ब्राह्मणग्रंथांत 'न' आणि 'क्षत्र' अशी फोड आहे, म्हणजे ज्याच्याकडे सत्ता नाही ते. आणि 'न क्षरति', जे झिजत नाही ते, ही फोड आपल्याकडच्या कीर्तनकारांनाही ठाऊक असते. व्याकरणाच्या दृष्टीने कोणती बरोबर यावर पंडित वाद घालोत, पण मला त्या तिन्हींत एक गंमत दिसते. पहिल्याला त्या ज्योती चालताना दिसल्या, दुसऱ्याला त्या सूर्यापुढे फिक्या पडताना दिसल्या आणि तिसऱ्याला त्या वर्षानुवर्षं तशाच दिसल्या. तिघांनीही आधी वर पाहिलं आणि मग शब्द फोडला.

याच ऋग्वेदात दहाव्या मंडलातलं सूर्येच्या विवाहाचं सूक्त आहे. त्यात सोम नक्षत्रांच्या मांडीवर ठेवलेला आहे, असं वर्णन येतं, आणि मघा व फल्गुनी या नक्षत्रांचा त्यांच्या जुन्या नावांनी उल्लेखही येतो. सोम म्हणजे चंद्र असा अर्थ इथे घेतला जातो. म्हणजे 'कुठलीही चांदणी' हा अर्थ मागे सरून 'चंद्राच्या वाटेवरची चांदणी' हा अर्थ पुढे येऊ लागला होता. तैत्तिरीय संहितेत कृत्तिकांपासून सुरू होणारी पूर्ण यादी मिळते आणि अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात अठ्ठावीस नावं येतात.

सत्तावीस की अठ्ठावीस? याचं उत्तर चंद्राकडेच आहे. एखाद्या ताऱ्याजवळून निघालेला चंद्र पुन्हा त्याच ताऱ्याजवळ यायला सुमारे २७.३२ दिवस घेतो. धड सत्तावीस नाही आणि धड अठ्ठावीसही नाही. रोज रात्री चंद्र जिथे दिसेल तिथली एखादी ठळक चांदणी किंवा चांदण्यांचा पुंजका खूण म्हणून धरला की सत्तावीस-अठ्ठावीस मुक्काम होतात. अठ्ठाविसावं अभिजित. तो फार तेजस्वी तारा आहे, पण चंद्राच्या वाटेपासून खूप उत्तरेला. पुढे यादी सत्तावीसवर ठरली आणि अभिजित गळालं. महाभारताच्या वनपर्वात अभिजित रोहिणीशी स्पर्धा करून तपाला वनात गेल्याची कथा आहे. एक नाव यादीतून कमी झालं, त्याचीसुद्धा आपल्या लोकांनी गोष्ट केली!

हे मुक्काम मोजणारे आपण एकटेच नव्हतो. चीनमध्ये अठ्ठावीस 'श्यू' आहेत, त्याचाही अर्थ मुक्काम असाच. अरबांकडे चंद्राच्या अठ्ठावीस 'मंझिल' आहेत. कोणी कोणाकडून घेतलं यावर एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली. त्या वादात मी पडत नाही. मला आवडतो तो 'मंझिल' हा शब्द, कारण तोच मराठीत 'मजल' होऊन आला आहे. 'मजल दरमजल करीत' आपण जातो, तसाच चंद्र आकाशात रोज एक मजल मारतो.

आपल्या पुराणांनी मात्र या मुक्कामांना सासर करून टाकलं. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या. त्याने सगळ्यांच्या घरी सारखं राहायचं, तर हा आपला रोहिणीच्याच घरी रमला. बाकीच्या बहिणींनी बापाकडे गाऱ्हाणं नेलं, दक्षाने शाप दिला आणि चंद्राला क्षय लागला. पुढे प्रभासतीर्थी त्याला उतार पडला, तोही अर्धाच. म्हणून पंधरा दिवस वाढतो आणि पंधरा दिवस झिजतो. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुली दक्षाच्या बाजूने उभ्या राहत आणि मुलं गप्प बसत. पण गोष्टीमागे डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी आहेच. रोहिणी हा तांबूस ठळक तारा चंद्राच्या वाटेच्या इतका जवळ आहे की काही काही वर्षांत दर फेरीला चंद्र त्याला झाकून पुढे जातो. असा तारा प्रत्येक मुक्कामाला नाही.

आता पुतणीच्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. नक्षत्र म्हणजे तारकांची आकृती, असं म्हणायला गेलं की पहिल्याच पायरीला ठेच लागते. आर्द्रा, चित्रा, स्वाती ही नक्षत्रं एकेका ताऱ्याची आहेत. एका ठिपक्याची आकृती कशी होणार? कृत्तिकांचा पुंजका आहे, पण हस्ताच्या पाच तारका पंजासारख्या पसरलेल्या. शततारकेला तर नावाप्रमाणे शंभर तारका दिलेल्या. आणि पाश्चात्यांचा जो ओरायन, त्या एका आकृतीत आपली दोन नक्षत्रं बसतात: मृग तर तिथे आहेच, पण त्याच चौकटीतला एक तांबडा तारा म्हणजे आर्द्रा. तसंच वृषभ राशीत कृत्तिकाही आहेत आणि रोहिणीही. आकाशाचे जे अठ्ठ्याऐंशी भाग आज जगभर मानले जातात, त्यांची यादी आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने १९२२ मध्ये ठरवली आणि सीमारेषा १९३० मध्ये छापल्या गेल्या. त्यांना आपण तारकासमूह म्हणतो, आणि तेच बरोबर आहे. नक्षत्र ही आकृती नव्हे, मुक्कामाची खूण आहे.

पुढे या खुणेचं माप झालं. वेदांग ज्योतिषात नक्षत्रं सारख्या सत्तावीस भागांत वाटलेली दिसतात. खरे तारे काही अशा सारख्या अंतरावर नाहीत. कुठे दोन मुक्काम अगदी जवळ, तर कुठे मध्ये मोठी मोकळी जागा. पण गणिताला सोय हवी. वर्तुळाचे ३६० अंश भागिले २७, म्हणजे १३ अंश २० कला. आता नक्षत्र म्हणजे तारा राहिला नाही, आकाशातला एक तुकडा झाला. स्वातीचा तारा क्रांतिवृत्तापासून तीस अंशांहूनही अधिक उत्तरेला आहे, तरी स्वाती नावाचा तुकडा चंद्रसूर्यांच्या वाटेवर बिनबोभाट बसला. गावाचं नाव राहिलं आणि गाव उठून गेलं, असं काहीसं.

महिन्यांची नावं त्याआधीच्या बघण्याची आठवण आहेत. पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ तो चैत्र, विशाखेजवळ तो वैशाख, कृत्तिकांजवळ तो कार्तिक, मृगशीर्षाजवळ तो मार्गशीर्ष. आपल्या बाराही महिन्यांची नावं अशी आकाशावरून उतरवून घेतलेली आहेत. कालदर्शिकेवर आपण ती वाचतो, पण चैत्री पौर्णिमेला चित्रा शोधायला गच्चीवर किती जण जातात?

साहित्यात या शब्दाने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. कोशकार अमरसिंहाला बारकाव्यांची गरज नव्हती. त्याने नक्षत्र, तारका, उडू, ऋक्ष असे शब्द एकाच माळेत समानार्थी म्हणून ओवले. यातला 'ऋक्ष' म्हणजे अस्वलसुद्धा. सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत असं शतपथ ब्राह्मण सांगतं, आणि पाश्चात्यांकडे तोच समूह मोठं अस्वल आहे. हा केवळ योगायोग की फार जुनं नातं, याचा विचार करायला मला आवडतं. आमच्या आजीला मात्र तिथे ऋषीही दिसत नसत आणि अस्वलही. तिला दिसे बाज, आणि बाजेमागे लागलेले तीन चोर.

कालिदास मात्र शब्द तोलून वापरणारा. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवरात सुनंदा मगधराजाची ओळख करून देते. राजे हजारो असतील, पण पृथ्वीला राजा असल्याचं समाधान याच्यामुळेच, असं सांगताना ती रात्रीचा दाखला देते. रात्र कितीही गजबजलेली असली तरी उजळते चंद्रानेच. त्या गर्दीत कालिदास नक्षत्र, तारा आणि ग्रह हे तीन शब्द वेगवेगळे मोजतो. अमरसिंहाला एक वाटलेलं इथे तीन आहे. राजसभेत मांडलिक, सरदार आणि सामान्य जन जसे वेगळे, तसेच हे. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात दोन सख्या शकुंतलेच्या मनासारखं वागतात, तेव्हा दुष्यंत म्हणतो की विशाखा चंद्रकोरीच्या मागे गेल्या तर नवल काय! तिथे विशाखा द्विवचनात आहे, कारण विशाखेच्या मुख्य तारका दोन आणि सख्याही दोन. शेवटच्या अंकात पतिपत्नींची पुन्हा भेट होते, तेव्हा ग्रहण सुटलेल्या चंद्राला रोहिणी भेटल्याची उपमा येते. दक्षाच्या जावयाची गोष्ट आणि आकाशातला चंद्र-रोहिणीचा योग दोन्ही ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ती उपमा किती भिडत असेल! आज मुलांना ती समजावताना मला आधी फळ्यावर आकाश काढावं लागे.

भर्तृहरीचं नीतिशतक पाहा. पाण्याचा एकच थेंब तापलेल्या लोखंडावर पडला तर नाहीसा होतो, कमळाच्या पानावर मोत्यासारखा दिसतो, आणि स्वाती नक्षत्रात शिंपल्यात पडला तर मोतीच होतो. इथली स्वाती म्हणजे तो उत्तरेकडचा तेजस्वी तारा नव्हे. सूर्य स्वातीच्या तुकड्यात असतानाचा पाऊस, म्हणजे आपल्याकडे ऑक्टोबरअखेरचा. नक्षत्राचा अर्थ इथे काळ झाला आहे, पावसाचा काळ. आणि हाच धागा मराठी शेतकऱ्याने हाती धरला.

मराठीत हा शब्द फार जुना. अकराव्या शतकातल्या श्रीपती या ज्योतिषाच्या 'ज्योतिषरत्नमाला' या ग्रंथावरची मराठी टीका मराठी गद्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत गणली जाते. श्रीपतीचं गाव रोहिणीखंड, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं रोहिणखेड, असं मानतात. गावाच्या नावातच रोहिणी! मराठी गद्य अक्षरं गिरवू लागलं तेव्हा समोर जे विषय होते त्यात नक्षत्रं होती, ही गोष्ट मला मोठी वाटते. पुढे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला, आणि त्या गणितावर पंचांगकर्त्यांनी शतकानुशतकं कामं केली.

पण पंचांगातलं नक्षत्र हे भटजींचं, आणि पावसाचं नक्षत्र हे सगळ्यांचं. भटजींचं रोज बदलतं, कारण ते चंद्राचं. शेतकऱ्याचं साधारण तेरा-चौदा दिवस टिकतं, कारण ते सूर्याचं. मेच्या २५ तारखेच्या सुमारास रोहिणी, जूनच्या ७-८ ला मृग, २१-२२ ला आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. मृगाचा 'मिरग' झाला. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून निघणारा तो लाल मखमली जीव 'मृगाचा किडा' झाला. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा. काही भागांत मघांचा सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा. दक्षाच्या मुलींना आमच्या बायकांनी आपल्या घरात आणून बसवलं, दुसरं काय!

हस्ताची गंमत तर न्यारीच. हस्त म्हणजे हात. त्या पाच तारका पंजासारख्या दिसतात म्हणून ते नाव. पण शेतकऱ्याच्या कानाला 'हस्ता'त हत्ती ऐकू आला. गडगडाट करीत येणारा तो पाऊस हत्तीचा पाऊस झाला. सूर्य हस्तात गेला की आम्ही मुली पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरत असू. कुठे त्याला भोंडला म्हणतात, कुठे हादगा. त्या फेरात गाणारीला आकाशातला पंजा ठाऊक नसतो, पण नक्षत्र तिच्या पायांखाली असतं. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहनही असतं: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं आणि बाकी राहील ते वाहन. त्याचा पावसाशी काही संबंध लावता येत नाही हे उघड आहे. पण वाहन बेडूक आहे की उंदीर यावर पारावर जो रंग चढे, तो काही खोटा नव्हता.

या सगळ्यात एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. मृग नक्षत्रात मृग दिसत नाही! ढग असतात म्हणून नव्हे. आकाश लख्ख असलं तरी दिसत नाही. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते सूर्याबरोबर उगवतं आणि त्याच्याबरोबरच मावळतं. ज्याच्या नावाने पेरणी करायची ते नेमकं त्याच दिवसांत अदृश्य असतं. याउलट महिना ज्याच्या नावाचा ते रात्रभर डोळ्यांसमोर असतं, कारण पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. ज्येष्ठात रात्री आकाशात ज्येष्ठा चमकते आणि शेतावर मृगाचा पाऊस पडतो. मृग पाहायचा तर मार्गशीर्षात. एकाच भाषेत, एकाच लोकांनी, एकाच वेळी दिसणारं नक्षत्र महिन्याला दिलं आणि न दिसणारं पावसाला. हे न दिसणारं ठरवायला आधी किती पिढ्या पहाटे उठून पूर्वेकडे पाहत बसल्या असतील, याचा विचार करा. सूर्योदयापूर्वी शेवटचा तारा कोणता दिसतो हे पाहायचं, आणि सूर्य त्याच्या पुढच्या घरात आहे हे समजून घ्यायचं. हे कुंडलीचं काम नव्हे, हे निरीक्षणाचं काम आहे.

आता ज्या माणसाबद्दल सांगायचं म्हणून मी खरं तर इतका वेळ वाट पाहत होते, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३, गाव दापोलीजवळचं मुरुड, पेशाने शिक्षक. शेवटची वर्षं पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होते. १८९६ मध्ये त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' पुण्यात प्रसिद्ध झाला, मराठीतून. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर केलेला भारतीय कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथही आला. दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, दीक्षित गेले. वय अवघं चव्वेचाळीस. त्यांच्या मराठी ग्रंथाचं पुढे इंग्रजी भाषांतर करावं लागलं, कारण त्याला पर्याय नव्हता. मराठीतून ज्ञान होत नाही म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे पुस्तक दाखवत आले.

दीक्षितांनी शतपथ ब्राह्मणातलं एक साधं विधान उचललं. तिथे म्हटलं आहे की इतर नक्षत्रं पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहीत. शेकडो पंडितांनी ते वाचलं होतं. दीक्षितांनी विचारलं, म्हणजे कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत होत्या तर! आज तर त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. मग त्या नेमक्या पूर्वेला कधी उगवत असतील? गणित केलं, उत्तर आलं इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षं. पुढच्या अभ्यासकांनी यावर आक्षेप घेतले आहेत. ते विधान जुन्या परंपरेतून जसंच्या तसं आलेलं असू शकतं, किंवा 'पूर्व' हा शब्द ढोबळपणे वापरलेला असू शकतो. एका वाक्यावरून अख्ख्या ग्रंथाचा काळ ठरत नाही. ते आक्षेप रास्तच आहेत. पण एका वाक्याकडे शाळामास्तराने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला मोलाची वाटते. शब्दाचा अर्थ कोशात न शोधता त्याने क्षितिजावर शोधला.

त्याच सुमारास, १८९३ मध्ये, लोकमान्य टिळकांचा 'ओरायन' आला. वसंतसंपात मृगशीर्षात होता अशा वेदकाळच्या खुणा त्यांनी गोळा केल्या. 'आग्रहायण' म्हणजे वर्षारंभाचा, हे मार्गशीर्षाचं जुनं नाव त्यातलीच एक. त्यावरून त्यांनी काळ काढला तो इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपासचा. हाही निष्कर्ष आज बहुतेक विद्वान मानत नाहीत. तरी एका नक्षत्रनावातून इतिहास वाचता येतो, ही वाट या दोघांनी मराठी वाचकाला दाखवली.

ही गणितं ज्यावर उभी आहेत ते अयनचलन समजून घेतलं पाहिजे, कारण त्याचा संबंध थेट आपल्या मृगाशी आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. त्यामुळे ऋतू आणि तारे यांची जोडी सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकते. अख्खं एक नक्षत्र सरकायला सुमारे साडेनऊशे वर्षं लागतात. वेदांग ज्योतिषात उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी होतं, असं सांगितलं आहे. आज २१-२२ डिसेंबरला सूर्य मूळ नक्षत्रात असतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रांत आणि उत्तरायण एकाच दिवशी येत. आज आपण तिळगूळ वाटतो तेव्हा दिवस मोठा होऊ लागून तीन आठवडे उलटलेले असतात.

पाऊस ऋतूंच्या मागे जातो, ताऱ्यांच्या नव्हे. श्रीपतीच्या काळी, आज ज्या दिवसांत आपण मृग धरतो त्या दिवसांत सूर्य आर्द्रेत होता. आर्द्रा म्हणजे ओली. पंचांगात आजही पावसासाठी सूर्याचा आर्द्राप्रवेश पाहतात, त्यात त्या जुन्या दिवसांची खूण राहिली असेल का, असं मनात येतं. म्हणजे 'मृगाचा पाऊस' ही काही अनादि गोष्ट नाही. आपल्या काही पिढ्यांपुरती जमलेली ती जोडी आहे. आणखी हजार वर्षांनी पाऊस रोहिणीत सुरू होईल आणि मृग भर पावसात येईल. तेव्हाच्या लोकांनी आपल्याच म्हणी पाठ करून पेरायचं ठरवलं तर फसतील. आजही मृग लागला म्हणून धूळपेर केली आणि पाऊस लांबला तर बियाणं वाया जातंच. म्हणी सांगणाऱ्या आजोबांनी त्या आपल्या डोळ्यांसमोरच्या आकाशाकडे पाहून रचल्या होत्या. आपण त्या नुसत्या पाठ केल्या तर शब्द आपल्याकडे येतो, त्यामागचं बघणं येत नाही.

नव्या मराठी साहित्याने मात्र या शब्दाचं तेज राखलं. कुसुमाग्रजांचा १९४२ चा संग्रह 'विशाखा', एका नक्षत्राच्या नावाचा. आरती प्रभूंच्या 'नक्षत्रांचे देणे' या संग्रहाला त्यांच्या मृत्यूनंतर १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इथे नक्षत्र पंचांगाचं नाही आणि पावसाचंही नाही. दूर, सुंदर आणि हाती न येणारं असं काही तरी आहे. ऋग्वेदातल्या त्या ढोबळ 'चमकणाऱ्या ज्योती'कडेच शब्द पुन्हा परतला म्हणा ना. घराघरांत रोहिणी, रेवती, स्वाती, अनुराधा, चित्रा, कृत्तिका नांदल्या, आणि १८ जुलै १९८० रोजी भारताने आपल्या रॉकेटने जो उपग्रह कक्षेत सोडला त्याचंही नाव रोहिणी होतं.

तरी एक खंत आहे, ती सांगते. शाळेत भूगोल-विज्ञानाच्या पुस्तकात 'तारकासमूह' आला, ते योग्यच झालं. पण त्यामुळे 'नक्षत्र' हा शब्द मुलांच्या मनात नकळत कुंडलीच्या बाजूला जाऊन पडला. नक्षत्र म्हटलं की गुण जुळवणं, मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीचं लग्न अडणं. मूळ नक्षत्राच्या भीतीने चांगल्या मुली घरी बसलेल्या मी पाहिल्या आहेत. मूळ म्हणजे वृश्चिकाच्या शेपटाकडच्या तारका, जिथून चंद्र दर महिन्याला जातो तो एक मुक्काम. त्या मुलींच्या सासरमाहेरच्या कोणी त्या तारका कधी पाहिलेल्या नव्हत्या. पाहिल्या असत्या तर इतक्या सुंदर गोष्टीची भीती वाटली नसती, असं मला आपलं वाटतं. अंधश्रद्धा म्हणून हा शब्दच टाकून द्यावा असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जो शब्द रात्री जागून, पहाटे उठून, मोजून तयार झाला, तो न पाहणाऱ्यांच्या ताब्यात का द्यायचा?

तर पुतणीच्या मुलीला मी शेवटी असं कळवलं: कॉन्स्टेलेशन म्हणजे तारकासमूह. नक्षत्र म्हणजे चंद्राच्या वाटेवरचा मुक्काम, त्या मुक्कामाची खूण, त्या खुणेचं माप आणि त्या मापाचा काळ. आणि शिवाय देखणी मुलगी. इतर भाषांत एका शब्दात बसणार नाही, तेव्हा 'नक्षत्र'च लिही.

वाचकांनाही एक विनंती. डिसेंबरच्या अखेरीला रात्री आठ-नऊच्या सुमारास पूर्वेकडे पाहा. चार पायांचा चौकोन आणि त्याच्या पोटात रुतलेल्या बाणासारख्या तीन तारका सरळ रेषेत दिसतील. तो मृग. त्या बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. वर वाढवली की तांबूस रोहिणी, आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. शहरातल्या दिव्यांतूनही एवढं दिसतं. घरात लहान मूल असेल तर त्याला बरोबर न्या, आणि कृत्तिकांच्या तारका मोजायला सांगा. त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतील.